मदत न घेण्याचा विक्रम

डिसेंबर २०१५ मधल्या एका रात्री मुलुंडच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी खजूर, चिक्की आणि दशम्या तोलत बसलो होतो. पत्नी दाराशी उभी राहून पाहत होती. "दोन दिवसांसाठी एवढं मोजमाप?" असे तिने विचारले, तेव्हा मी गांभीर्याने सांगितले, की राजगड ते रायगड ही वाट मी ४८ तासांत, एकट्याने आणि कोणाचीही कसलीही मदत न घेता पार करणार आहे. हौशी मंडळी या वाटेला तीन-चार दिवस देतात. मी तेव्हा ५८ वर्षांचा होतो.

हे खूळ डोक्यात शिरले ते एका बातमीमुळे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेदर अँडरसन या अमेरिकी स्त्रीने अ‍ॅपलाचियन ट्रेल ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट ५४ दिवसांत एकटीने चालून विक्रम केला होता. अशा विक्रमांचे तीन प्रकार मानतात. पहिल्यात चालणाऱ्याच्या दिमतीला सहायकांचे पथक असते. दुसऱ्यात, म्हणजे अँडरसन यांनी स्वीकारलेल्या प्रकारात, पथक नसते. मात्र वाटेवरच्या गावातून सामान विकत घेता येते, आधी टपालाने पाठवून ठेवलेला शिधा उचलता येतो. तिसरा प्रकार सर्वांत कडक. झऱ्याटाक्यांचे पाणी सोडले, तर पहिल्या पावलापासून अखेरच्या पावलापर्यंत लागणारे सारे काही आपल्याच पाठीवर. वाटेत कोणी हातावर लाडू ठेवला, तरी तो चालत नाही. मला हा तिसरा प्रकार भावला. का भावला, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही.

सरावासाठी दर रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जात असे. पाठीवर बारा किलोंचे ओझे घेऊन प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चढायचे आणि लेण्यांच्या पायऱ्या चढून-उतरून परतायचे. तिथल्या कातळात जागोजागी पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याणसारख्या गावांतल्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी ती भिक्षूंसाठी खोदवून दिली. घरदार सोडलेली ती माणसेसुद्धा दिलेल्या पाण्यावर आणि भिक्षेवर जगत होती. हे मी तेव्हाही वाचले होते. पण ज्या मजकुराची आपल्याला गरज असते, तो आपण नेमका माहिती म्हणून वाचतो.

पहाटे गुंजवण्याहून निघालो. राजगड, संजीवनी माची, तिथून लांबच लांब डोंगरधार आणि संध्याकाळी तोरण्याची बुधला माची. वेळापत्रक तंतोतंत पाळले गेले. रात्री झोप अशी घेतलीच नाही. उजाडायच्या सुमारास, वाट उतरताना, एका धोंड्याला मी "जरा बाजूला व्हा" असे म्हटल्याचे आठवते. दुसऱ्या दिवशी दुपारी मोहरीच्या अलीकडे डोके ठणकू लागले, मळमळू लागले, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मी पाणी पीत राहिलो आणि अधिकच गळत गेलो. घामावाटे मीठ जाते आणि वरून नुसते पाणी ढोसत राहिले, तर रक्तातले सोडियम उतरते, हे नंतर डॉक्टरांनी समजावले. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते; त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हा तोल फार लवकर बिघडू शकतो. त्यामुळे पाणी किती आणि मीठ किती, हे ज्याने-त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

वाटेलगतच्या एका घराच्या ओट्यावर ऐंशीच्या घरातल्या आजी बसल्या होत्या. माझी अवस्था पाहून त्या आत गेल्या आणि तांब्याभर ताक घेऊन आल्या. "घे की बाबा. वाटसराला न्हाई म्हनू नये."

"नको आजी. नियम आहे."

"कंचा नेम? उपास हाय का?"

मी हो म्हणालो. खोटे बोललो आणि पुढे निघालो.

बोराट्याच्या नाळेच्या तोंडाशी, लिंगाणा समोर दिसत असताना, माझे पाय जागच्या जागी आखडले. ती नाळ म्हणजे धोंड्यांनी भरलेली कडेलोट घळ. तिच्यात मध्येच पाय गेले असते, तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो. गुरे घेऊन परतणाऱ्या दोघा मुलांनी मला खांद्यांवर घेऊन त्याच ओट्यावर आणून बसवले. आजींनी तोच तांब्या पुढे केला. या वेळी ताकात मीठ घातलेले होते. "उपास सुटला म्हनायचा," एवढेच त्या म्हणाल्या. रात्रभर मी तिथे झोपलो. सकाळी निघताना त्यांनी लुगड्याच्या फडक्यात दोन नाचणीच्या भाकरी बांधून दिल्या.

घरी येऊन मी सांगितले, की घोटा मुरगळला. डायरीतही तेच लिहिले.

मार्च २०२२ मध्ये पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाणी अडखळू लागली. मुलगा पुण्याला. तो म्हणाला, ब्यूरोतून मावशी ठेवू. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दुपारचे दोन तास मी बसते. दोघांनाही मी तेच उत्तर दिले: "मी आहे ना." पुन्हा एक डायरी काढली. गोळ्यांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा, व्यायाम, सारे मिनिटाबरहुकूम लिहून ठेवू लागलो. आणि, सांगायला संकोच वाटतो, पानाच्या कोपऱ्यात दिवसांचा आकडा: बाहेरच्या मदतीविना १०० दिवस, २०० दिवस.

२६३ हा आकडा लिहिला, त्याच्या आदल्या रात्री ती पाच वेळा उठली होती. सकाळी रक्तदाबाची गोळी मी तिला दिली आणि तासाभराने तीच गोळी पुन्हा दिली. खुर्चीत बसवताना तिची मान कलली. इस्पितळात एक रात्र देखरेखीखाली ठेवावे लागले. सुदैवाने तेवढ्यावर निभावले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "काका, घरात आणखी कोण असतं?" मी म्हणालो, मी पुरेसा आहे. मग त्यांनी वार विचारला. मला तो सांगता आला नाही.

आता रात्रीसाठी मावशी येतात. बुधवारी आणि शनिवारी दुपारी वहिनी बसतात. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणली आहे. गोळी घशाखाली उतरल्यावरच खूण करायची, आधी नाही. रुग्णाला उठवताना लुळा हात ओढायचा नाही, त्याने खांदा निखळतो. गुडघे वाकवून, माणूस आपल्या अंगाशी घेऊन उठवायचे, हे फिजिओथेरपिस्टनी शिकवले. नऊ महिने मी तिचा तोच हात ओढत होतो. मदतीची सवय मला सहज झाली, असे मात्र नाही. मावशी आल्या त्या पहिल्या आठवड्यात घरात परके कोणी वावरते आहे, या भावनेने मी चिडून असे. रात्री झोप मिळत असूनही जागा राही.

रविवारी सकाळी आता मी पुन्हा बोरिवलीला जातो, ओझ्याविना. परवा तिथून आलो आणि तिच्याजवळ बसून मोहरीची गोष्ट खरी सांगितली. ताक, खोटा उपास, सगळे. ती बराच वेळ शब्द जुळवत होती. मग म्हणाली, "ठाऊक... होतं. पिशवीत... फडकं होतं."

तिने ते तेव्हाच धुऊन कपाटात ठेवले होते. डाव्या हाताने खालचा कप्पा दाखवला. हिरव्या लुगड्याचा तुकडा, घडी अजून कडक. माझ्या हातात देऊन तिने विचारले, "परत... दिलं नाहीस?"