चाकांचे अभ्यंग

खंडेनवमीला आमच्या घरी दोन आयुधांची पूजा होते. एक आमची कायद्याची पुस्तके, दुसरे आमच्या वडिलांची मोटार. पुस्तके झटकून पाटावर मांडली की झाले. मोटारीला मात्र आधी यथासांग स्नान घालावे लागते. गेल्या वर्षी या स्नानाच्या निमित्ताने आमच्या हातून एक अपराध घडला आणि त्याच निमित्ताने एक अनर्थही टळला. वाचकांपुढे हा आमचा कबुलीजबाब.

आदिलाबाद जिल्ह्यात हत्नूर नावाची दोन गावे आहेत. एकाच्या नावाआधी 'गुडी' लागते, दुसऱ्याच्या आधी 'बाजार'. तेलुगूत गुडी म्हणजे देऊळ. आम्ही बाजारहत्नूरचे. देवळाचा मान त्यांच्याकडे गेला आणि चकाकीचा मोह तेवढा आमच्याकडे राहिला, असे पुढील हकिकतीवरून कोणी म्हणाल्यास आमची हरकत नाही.

मोटार 'प्रीमियर पद्मिनी'. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. वडिलांनी ती १९७८ साली घेतली, म्हणजे नात्याने ती आमची थोरली बहीणच. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आमची मात्र अजून दारात उभी आहे. तिचे पांढऱ्या पट्ट्यांचे टायर वडिलांनी हौसेने मुंबईहून मागवून स्वतः उभे राहून बसवून घेतले होते. त्यानंतर त्यांना टायर बदलण्याचा योग आला नाही. दसऱ्याला त्याच गाडीतून माहूरला रेणुकेच्या दर्शनास जावे, ही आमच्या मातोश्रींची इच्छा होती.

नवमीला चार दिवस उरले असता आम्ही चाके पाहिली. पांढऱ्या पट्ट्या चहा सांडल्यासारख्या तपकिरी झालेल्या. आमच्याकडची जमीन कापसाची, काळी; पावसाळ्यात तिचा चिखल चाकाला धरला की सुटत नाही. तेव्हा हा डाग चिखलाचाच, असा निवाडा आम्ही साक्षीपुरावा न घेता दिला आणि न्हाणीघराची फरशी धुण्याचे आम्ल पट्टीवर ओतले. डाग होता तिथेच राहिला. आम्ल मात्र ओघळून खाली व्हीलकॅपवर गेले आणि तिचा आरशासारखा मुलामा घटकाभरात निस्तेज झाला. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. चिंचेने घासलेले तांब्याचे तामण उजळते, ते आतून बाहेरून तांबेच असते म्हणून. मुलाम्याच्या वस्तूला तो न्याय लावता येत नाही.

आमच्या सौभाग्यवतींचे मामा फोंड्याला असतात. जुन्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांना दूरध्वनी केला. सगळे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, "वकीलबाब, पयलीं पळय, मागीर पूस."

मग त्यांनी समजावले ते असे. काळ्या रबरात काजळी घातलेली असते. तिने टायर बळकट होतो आणि कमी झिजतो. हवेतल्या ओझोनने रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात काही संरक्षक द्रव्येही मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि उघड्यावर तपकिरी होतात. तीच शेजारच्या पांढऱ्या रबरात झिरपली की पट्टी डागळते. म्हणजे आम्ही ज्याला घाण म्हणून शिक्षा दिली, ते टायरचे स्वतःचे औषध होते!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सांगण्याबरहुकूम स्नान झाले. गाडी सावलीत घेतली, चाके थंड होऊ दिली. व्हीलकॅप काढून वेगळ्या ठेवल्या. प्रथम नुसते भरपूर पाणी. कारण मातीचे कण फडक्याखाली सापडले की रिमच्या रंगावर ओरखडे उठतात. दोन बादल्या, एक टायरची, एक रिमची. टायरचा ब्रश रिमला लावायचा नाही. पट्टीला सौम्य साबण आणि मऊ ब्रश, हात पट्टीच्याच दिशेने गोल फिरवायचा. हट्टी डागावर साबणात कालवलेला खाण्याचा सोडा, तोही हलक्या हाताने. साबण वाळण्याआधी धुऊन टाकायचा आणि रिम लगेच कोरडी पुसायची. आम्ल, कपडे पांढरे करण्याचे ब्लीच, रॉकेल, पेट्रोल सर्वथा वर्ज्य. टायर काळाभोर दिसावा म्हणून डिझेल किंवा जुने ऑइल चोळण्याची चाल आहे, तीही वाईट. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. माणसाला अभ्यंग मानवते, टायरला मानवत नाही. इतके करूनही जो डाग राहील, तो राहू द्यावा.

पट्ट्या अगदी दुधासारख्या नव्हे, पण सायीसारख्या झाल्या. आम्ही समाधानाने खाली वाकून पाहतो तो धुतलेल्या रबरावर एका लांबट चौकटीत चार आकडे दिसले: २३११. त्याचा अर्थ, २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यात घडवलेला टायर. दहा वर्षांनंतर, वरून कितीही धडधाकट दिसला तरी टायर बदलावा, असे बहुतेक उत्पादक सांगतात. भिंगातून पाहिले तेव्हा पट्टीच्या कडेने केसासारख्या बारीक चिरा गेलेल्या दिसल्या. इतके दिवस त्या मळाखाली झाकल्या होत्या.

ते टायर काढणे आमच्या जिवावर आले. वडिलांचा हात लागलेली गाडीवरची ती शेवटची वस्तू. एकदाच तर जायचे, हळू चालवू, असा युक्तिवादही मनाने सुरू केला. शेवटी आम्ही मातोश्रींना चाकापाशी नेले आणि चिरा दाखवल्या. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अरे, तुझे बाबा निघण्याआधी प्रत्येक चाकाला हात लावून बघत. ते चकाकी बघत होते, असं वाटलं का तुला? आपण बसनं जाऊ. रेणुकाई बसनंही भेटते."

नवमीला गाडीची पूजा झाली. चाकांना गंध लावताना मातोश्रींचा हात क्षणभर थांबला. दसऱ्याला आम्ही बस बदलत बदलत माहूर गाठले.

दिवाळीनंतर नवे टायर आले. साधे, काळे. पांढऱ्या पट्टीवाचून गाडी प्रथम पोरकी वाटली. आता डोळ्यांना सवय झाली आहे. पुढल्या उजव्या चाकाच्या व्हीलकॅपवर नवा मुलामा द्यावा, असे गावातले पुष्कळ जण सुचवतात. आम्ही दिलेला नाही. आमच्याविरुद्धचा तो एकमेव पुरावा आहे आणि तो नष्ट करणे आमच्या व्यवसायाला शोभणार नाही.