बुडबुड ऐकू येतेय ना?

गेले तीन आठवडे मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे. नवऱ्याला सांगून झाली, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना सांगून झाली, लेकीला तर ओट्यावर पाण्याचा ग्लास आणि शहाळ्याची नळी घेऊन करूनच दाखवली. तरी समाधान होत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी स्टाफ नर्स. नोकरीला बारा वर्षं झाली, त्यातली सात प्रसूतिकक्षात गेली. मागच्या महिन्यात माझी ड्यूटी आमच्या रुग्णालयाच्या एसएनसीयूत लागली. गावाकडची माणसं 'बाळाला पेटीत ठेवलंय' म्हणतात ना, तो कक्ष. दार ढकलून आत गेले आणि एक आवाज कानावर आला. मॉनिटरची पीप-पीप असणार हे माहीत होतं, पण तिच्या खालून काहीतरी सतत, एका लयीत बुडबुडत होतं. विहिरीत कळशी बुडताना तिच्या तोंडाशी जसा आवाज होतो, अगदी तसा, फक्त न थांबणारा.

इनचार्ज मॅडम वर न बघताच म्हणाल्या, "सिस्टर, बुडबुड ऐकू येतेय ना? इथे आधी कान तयार करायचे, मग हात."

त्याच संध्याकाळी प्रसूतिकक्षातून एक मुलगी आली. तिसावा आठवडा, वजन १२८० ग्रॅम, कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढी. श्वास घेताना फासळ्यांच्या मधे खड्डे पडत होते, नाकपुड्या फुलत होत्या आणि श्वास सोडताना दर वेळी 'अंह्… अंह्' असं कण्हणं. हे कण्हणं मी सात वर्षं ऐकत आले होते. बाळाला त्रास होतोय, डॉक्टरांना बोलवा, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक होता. मॅडमनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "नीट ऐका. ती नुसती कण्हत नाहीये, काम करतेय."

मग त्यांनी जे समजावलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. फुप्फुसात हवेचे लाखो इवलेसे फुगे असतात. त्यांना आतून सर्फॅक्टंटचं पातळ अस्तर असतं, त्यामुळे श्वास सोडला तरी फुगे पूर्ण मिटत नाहीत. हे अस्तर गर्भात शेवटच्या आठवड्यांत पुरेसं तयार होतं. घाईनं आलेल्या बाळाजवळ ते कमी असतं, मग प्रत्येक उच्छ्वासाबरोबर फुगे ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते, आठवून बघा. त्या मुलीला ती पहिली फुंकर मिनिटाला सत्तर वेळा मारावी लागत होती! म्हणून ती श्वास सोडताना गळा थोडा आवळून धरत होती, सगळी हवा निसटून जाऊ नये, थोडी आत राहावी म्हणून. कण्हणं म्हणजे त्या आवळलेल्या गळ्यातून निघणाऱ्या हवेचा आवाज. जन्माला येऊन तास झाला नव्हता आणि ती स्वतःची फुप्फुसं स्वतः उघडी धरून बसली होती. पण एवढासा जीव, किती वेळ धरणार? दमतो, आणि दमला की श्वासच थांबतो.

"सीपॅप तेच काम करतं," मॅडम म्हणाल्या. "तिचा गळा जे करतोय ते ही बाटली करणार."

बाटली! मी कुठल्यातरी मोठ्या यंत्राकडे बघत होते आणि त्या बोट दाखवत होत्या पाण्याच्या बाटलीकडे. मांडणी अशी: हवा आणि ऑक्सिजन एकत्र करायचे, ह्युमिडिफायरमधून कोमट-ओलसर करून घ्यायचे आणि एका नळीनं बाळाच्या नाकातल्या दोन मऊ प्राँगपर्यंत न्यायचे. तिथून दुसरी नळी निघते, तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलेलं. हवेला बाहेर पडायचं तर ते ५ सेंटिमीटर पाणी बाजूला सारावंच लागतं. तेवढा दाब मागे राहतो, नळीत, नाकात, घशात, थेट त्या फुग्यांपर्यंत. दाब वाढवून ६ करायचा तर नळी आणखी एक सेंटिमीटर खाली ढकलायची. झालं! दाबासाठी ना सर्किट, ना पडदा. मी दोनदा विचारलं, एवढंच? एवढंच.

घरी लेकीला ग्लासात नळी आधी बोटभर बुडवून फुंकायला लावली, मग चार बोटं. "आई, खाली गेलं की जास्त जोर लागतो गं!" हेच तर.

आमच्या बालरोगतज्ज्ञ सरांना मी प्रश्न विचारून भंडावून सोडलं, तेव्हा त्यांनी या कल्पनेचा इतिहास सांगितला. १९५९मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं, की या बाळांच्या फुप्फुसात तो अस्तराचा पदार्थच कमी पडतो. तरी चार वर्षांनी, १९६३च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजारानं गेला. साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन २१०० ग्रॅमच्या आसपास. ३९ तास जगला. २१०० ग्रॅम! आमच्या कक्षात एवढ्या वजनाचं बाळ आलं की मावशी म्हणतात, हे तर धष्टपुष्ट आहे. त्या घरात काय कमी होतं? फक्त ही युक्ती अजून कुणाला सुचली नव्हती. ती १९७१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडली. बाळाचं कण्हणं त्यांनी मन लावून ऐकलं आणि गळ्याचं काम बाहेरून दाब देऊन केलं. पहिल्या २० बाळांपैकी १६ जगली. हे ऐकल्यापासून मला कुठलंही कण्हणं पूर्वीसारखं ऐकूच येत नाही.

आणि मलावीचं तर सांगायलाच हवं. तिथल्या ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयासाठी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या मंडळींनी साधं बबल सीपॅप बनवलं. त्यातला पंप माशांच्या काचेच्या टाकीत हवा सोडतात त्या जातीचा! नाव ठेवलं 'पुमानी', तिथल्या चिचेवा भाषेत त्याचा अर्थ 'निवांत श्वास घे'. २०१४मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसता नाकातून ऑक्सिजन दिलेल्या बाळांपैकी ४४ टक्के जगली होती, बुडबुड मिळालेल्यांपैकी ७१ टक्के. सरांनी आकडे कागदावर लिहून दिले, तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवलाय.

पण दाब म्हणजे ऑक्सिजन नव्हे, हे मला नव्यानं उमगलं. आम्हाला वाटायचं, बाळ निळं पडतंय ना, मग वाढवा ऑक्सिजन. एवढ्या लहान बाळाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला तर डोळ्यांच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडतात, दृष्टी जाऊ शकते. म्हणून सॅच्युरेशन ९० ते ९५ ठेवायचं, शंभर दिसलं तर खूश व्हायचं नाही, ऑक्सिजन कमी करायचा. हवा ५ लिटर आणि ऑक्सिजन १ लिटर सोडला तर मिश्रणात सुमारे ३४ टक्के ऑक्सिजन होतो. हा हिशेब मी आता तोंडी करते, आणि तो करताना शाळेतलं गणित पहिल्यांदा माझ्या हाताला लागल्यासारखं वाटतं.

त्या मुलीला सीपॅप लावलं तो क्षण. मॅडमनी आधी टोपडं चढवलं. हो, टोपडंच! नळ्या धरून ठेवायला टोपडं लागतं, आणि ते भुवयांपासून मानेपर्यंत चापून बसलं नाही तर सगळं हलतं. नाकाच्या मधल्या पडद्याला प्राँग टेकता कामा नये, मधे दोनेक मिलिमीटर जागा हवी, नाहीतर कोवळी त्वचा दोन दिवसांत सोलवटते. तोंडातून पोटात नळी घालून तिचं टोक उघडं ठेवलं, पोटात शिरलेली हवा निघून जायला. मग बाटलीत बुडबुड सुरू झाली. मी घड्याळ लावून बसले होते. अर्ध्या तासात छातीतले खड्डे उथळ झाले. आणि कण्हणं थांबलं. तिला आता गळा आवळायची गरज उरली नव्हती! मला रडू आलं, मॅडमनी पाठीवर हात ठेवला आणि लगेच विचारलं, "बाटलीतल्या पाण्याची खूण बघितली का?"

कारण खरी गंमत इथून पुढे आहे. नळीतून येणारी ओलसर हवा बाटलीत थंड होते, थेंब पडत राहतात, पाणी वाढतं. सकाळी ५ वर असलेली पातळी रात्री चढलेली असते, आणि पाणी चढलं म्हणजे दाब चढला. म्हणून दर शिफ्टला खूण बघायची, जास्तीचं पाणी काढायचं. नळीत साचलेलं पाणी बाळाकडे वाहता कामा नये, नळी बाळापेक्षा खाली ठेवायची. ह्युमिडिफायरमध्ये नळाचं पाणी चालत नाही, निर्जंतुकच हवं. ही कामं कुठल्या इंजिनिअरची नाहीत, माझी आहेत. हे यंत्र जिवंत ठेवणं माझ्या हातात आहे, या विचारानं मला अजूनही हुरूप येतो.

एका रात्री अडीच वाजता बुडबुड थांबली. शांतता इतकी मोठी असते हे मला माहीत नव्हतं. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे बाळापासून सुरुवात केली आणि भिंतीकडे सरकत गेले. तोंड उघडं आहे का? नाही. प्राँग निसटलेत का? नाही. एकेक सांधा बोटांनी दाबत गेले. ह्युमिडिफायरशी पोचले, तर झाकण अर्ध्या आट्यावर. अकरा वाजता पाणी भरून ते मीच लावलं होतं. घट्ट फिरवलं, आणि बुड… बुडबुड… बुडबुडबुड. तो आवाज परत आला तेव्हा माझे पाय लटपटत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी उलटं कोडं घातलं. बुडबुड छान चालू आहे, तरी बाळाचे खड्डे वाढताहेत, काय झालं असेल? मला सुचेना. नाक शेंबडानं बंद! हवा बाळात शिरतच नाही, पण नळीतून बाटलीत जातेय, म्हणून बुडबुड सुरूच. बुडबुड सांगते की नळीत दाब आहे, छातीत पोचला की नाही ते छातीच सांगणार. म्हणून कान बाटलीकडे आणि डोळे बाळाकडे.

मागच्या रविवारी मी आणि मावशींनी भांडारात पडलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बाहेर काढला. 'दम नाही त्यात' म्हणून बाजूला ठेवलेला. हे यंत्र खोलीतली हवा ओढतं, झिओलाइटच्या दाण्यांवर नायट्रोजन अडकवतं आणि उरलेला ९३ टक्क्यांच्या आसपासचा ऑक्सिजन देतं. पण हवा ओढायलाच मिळाली नाही तर? मागची स्पंजची जाळी काढली, तर ती घोंगडीसारखी झालेली. साबणाच्या पाण्यात धुतली, सावलीत खडखडीत वाळवली, यंत्र भिंतीपासून हातभर लांब ठेवून सुरू केलं. ऑक्सिजन तपासणाऱ्या मीटरवर आकडा ९१वर आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हणजे नाकच चोंदलं होतं की याचं!"

मुलीचं सीपॅप सहाव्या दिवशी काढलं. तिची आई छातीशी घेऊन बसली होती, नळीतून थेंब थेंब चीक जात होता. बाटली गप्प झाली तशी ती एकदम दचकली. "सिस्टर, आवाज का बंद केला?" सहा रात्री ती बाहेरच्या बाकावर त्याच आवाजावर डोळा लावत होती. मी तिचा तळहात उचलून बाळाच्या पाठीवर ठेवला. पाठ वर-खाली होत होती, सावकाश, खड्डा नाही, कण्हणं नाही. बराच वेळ ती काहीच बोलली नाही.

मी नळ्या सोडवल्या, धुतल्या, जंतुनाशकात बुडवून ठेवल्या, मग निर्जंतुक पाण्यानं खळखळून पंख्याखाली टांगल्या. ओल राहिली की जंतू घर करतात. प्राँग मापाप्रमाणे डब्यांत लावत होते, तोच प्रसूतिकक्षातून फोन आला. एकतिसावा आठवडा, जुळी, अर्ध्या तासात.

मी दोन बाटल्या काढल्या आणि दोन्हींत ५च्या खुणेपर्यंत पाणी भरलं.