आधी पेल्यात ओता

भोपाळमध्ये नारियलखेडा नावाची वस्ती आहे, पण शहाळ्यांनी लगडलेला माड मला या शहरात तीस वर्षांत एकदाही दिसला नाही. इथे शहाळी येतात ती ट्रकनं, दक्षिणेतून. गाडीवाल्याला विचारलं तर मद्दूर किंवा पोल्लाची ही नावं ऐकू येतात. कर्नाटकातल्या मद्दूरपासून इथवरचं अंतर जवळपास दीड हजार किलोमीटर. न्यू मार्केटात किंवा बोट क्लबवर आपल्या हातात येणारं शहाळं झाडावरून उतरून किमान काही दिवस झालेले असतात, हे गृहीत धरूनच ते निवडायचं.

मी मूळची रत्नागिरीची. भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. झाडावर चढलेला पाडेली पेंड दोरीनं खाली सोडायचा आणि पाच मिनिटांत पाणी पोटात जायचं. तिथे शहाळं निवडायचं म्हणजे फक्त शहाळं हवं की जरा जून अडसर, एवढंच ठरवायचं. लग्नानंतर भोपाळला आले, अन्न-सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागले, तेव्हा लक्षात आलं की कोकणातलं माझं सगळं ज्ञान झाडाखाली उपयोगाचं होतं, दुकानात नाही.

नारळ निवडताना आपण तो कानाशी धरून हलवतो आणि पाणी खळखळलं की खूश होतो. शहाळ्याला हीच परीक्षा उलटी लावायची. सहा-सात महिन्यांचं कोवळं फळ पाण्यानं काठोकाठ भरलेलं असतं. आत हवेला जागाच नसते, त्यामुळे ते हलवलं तरी गप्प राहतं. खळखळ ऐकू आली तर एक तर ते जून आहे किंवा तोडून बरेच दिवस झाल्यानं पाणी कमी झालंय. हाताला आकाराच्या मानानं जड लागणारं घ्यावं. माझा गाडीवाला दर वेळी विचारतो, “आंटीजी, पानी वाला दूँ या मलाई वाला?” आणि कोयत्याच्या पाठीनं ठोकून दोन वेगळी काढून देतो. मलई वाला म्हणजे आठ महिन्यांच्या आसपासचा. तो वाईट नाही, फक्त पाणी थोडं कमी. त्याचा कान माझ्या प्रयोगशाळेपेक्षा तयार आहे आणि या बाबतीत मी त्याचंच ऐकते.

पण सुरक्षिततेचा प्रश्न ठोकून कळत नाही. तिथे बघायचा तो देठ. देठाजवळ चिवट पाकळ्यांची टोपी असते आणि तिच्याखाली, सोडणाच्या आत, करवंटीचे तीन डोळे. त्यातला एक मऊ असतो, अंकुर तिथूनच बाहेर येतो आणि बुरशीला आत शिरायलाही तीच सोपी वाट. टोपी घट्ट बसलेली, कडा हिरव्या किंवा कोरड्या तपकिरी असतील तर ठीक. टोपी गळून पडलेली, खालचा भाग ओला, काळपट, बोटानं दाबला तर दबणारा असेल, तर ते फळ परत ठेवा. सोडणावरचे घासल्याचे तपकिरी चट्टे प्रवासातले असतात, त्यांना घाबरू नका. चीर मात्र चालवून घेऊ नका.

अख्ख्या निरोगी शहाळ्यातलं पाणी निर्जंतुक असतं. वर्गात मी हा प्रयोग दर वर्षी करून घेत असे. सोडण स्पिरिटनं पुसायचं, निर्जंतुक सुईनं पाणी ओढायचं आणि पोषक थराच्या बशीवर पसरायचं. दुसऱ्या बशीवर कुठल्याशा गाडीवरून पार्सल आणलेल्या पिशवीतलं पाणी. दोन दिवसांनी पहिली बशी कोरी आणि दुसरीवर पांढरे, पिवळे, चिकट ठिपके इतके दाट की मोजणी सोडून द्यावी लागे. फळ तसंच, पाणी तसंच. मधे फक्त कोयता, गाळणं, हात आणि पिशवी एवढंच आलेलं. या पाण्यात सुमारे पाच टक्के साखर, भरपूर क्षार आणि आंबटपणा अगदी कमी. जिवाणूंना याहून चांगलं जेवण आपणही करून घालू शकणार नाही. म्हणून फोडलेल्या शहाळ्याच्या पाण्याला दुधासारखं वागवा. ते लगेच प्या, नाहीतर ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा.

आता मोठ्या दुकानांत आणि मोबाइलवरून मागवल्यावर मिळणाऱ्या सोललेल्या, पांढऱ्या, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या शहाळ्यांविषयी. ती दिसायला देखणी, फोडायला सोपी. पण सोडण म्हणजे त्या फळाचं चिलखत आणि तेच काढून टाकलेलं असतं. केरळ कृषी विद्यापीठानं यासाठी एक पद्धत बसवून दिली आहे. तासलेलं शहाळं ०.५ टक्के सायट्रिक आम्ल आणि ०.५ टक्के पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात तीन मिनिटं बुडवायचं आणि ५ ते ७ अंशांवर ठेवायचं. मग ते २४ दिवसांपर्यंत टिकतं. (दमेकऱ्यांपैकी काहींना सल्फाइट सोसत नाही, त्यांनी असं शहाळं टाळावं.) ते द्रावण आणि ती थंडी दोन्ही मिळून २४ दिवस होतात, एकटं द्रावण पुरत नाही. त्यामुळे दुकानात असं शहाळं फ्रिजबाहेर, फळांच्या ढिगात मांडलेलं दिसलं तर माझ्या लेखी ते तिथेच बाद. भोपाळचा मे महिना चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तर विचारूच नका. फ्रिजमधलं असेल तरी उलटं करून बूड बघा. राखाडी, काळा किंवा गुलाबी डाग, प्लॅस्टिकच्या आत साचलेलं पाणी, फुगलेलं आवरण, यातलं काहीही दिसलं तर घेऊ नका. पॅकिंगची तारीखच नसेल तरीही नको.

हे मी इतक्या हट्टानं सांगते याचं कारण डेन्मार्कमध्ये घडलेली एक घटना. २०२१ मध्ये ती वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापून आली. ६९ वर्षांच्या एका गृहस्थांनी असंच तासलेलं शहाळं विकत आणलं होतं. ते ४-५ अंशांवर ठेवायचं होतं, पण महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिलं. त्यांनी स्ट्रॉ घालून थोडंसं पाणी ओढलं, चव घाण लागली म्हणून थांबले. मग फोडून पाहिलं तर आत बुळबुळीत आणि सडलेलं. काही तासांत घाम, मळमळ, उलट्या सुरू झाल्या, आणि रुग्णालयात दाखल केल्यावर साधारण २६ तासांत ते गेले. त्या शहाळ्यात आर्थ्रिनियम गटातली बुरशी वाढली होती आणि तिनं ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल तयार केलं होतं. हे विष पेशींचं ऊर्जा तयार करण्याचं कामच बंद पाडतं, त्यामुळे पहिला घाला मेंदूवर पडतो. बुरशी लागलेल्या उसातून चीनमध्ये याच विषानं पूर्वी अनेकांचे, विशेषतः मुलांचे, जीव घेतले आहेत.

अशी घटना अत्यंत विरळ आहे आणि शहाळं सोडून द्यावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या गृहस्थांनी आधी फोडून पाहिलं असतं तर? मला स्ट्रॉचा राग येतो तो यासाठी. स्ट्रॉनं पिताना पाणी दिसत नाही, वास येत नाही, कळतं ते थेट घशाखाली उतरल्यावर. आमच्या घरी शहाळं आधी काचेच्या पेल्यात ओततात. पाणी नितळ हवं. मलईचे पांढरे तंतू तरंगले तर हरकत नाही. गुलाबी छटा, फेस, बुडबुडे, आंबूस किंवा ताडीसारखा वास आला तर थेट मोरीत. मग शहाळं दोन भाग करून मलईही बघायची. ती पांढरीशुभ्र आणि तकतकीत असते. राखाडी, जांभळट किंवा बुळबुळीत असेल तर पाणी चांगलं वाटलं तरी टाकून द्या. नुसती गुलाबी छटा कधी कधी हवा लागल्यानंही येते, त्यात जंतू नसतात. पण ओट्यापाशी उभं राहून तो फरक कुणालाच करता येत नाही, मलाही नाही. आणि बिघडलेलं पाणी उकळून वापरू नका, बुरशीची बरीच विषं उकळण्यानं जात नाहीत.

आपल्या मराठी घरांत आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेतात. दोन वर्षांपूर्वी टायफॉइडमधून उठलेल्या एका नातेवाइकाला भेटायला गेले, तर उशाशी प्लॅस्टिकच्या बाटलीत सकाळी भरून आणलेलं पाणी होतं. दुपारचे तीन वाजलेले. झाकण फिरवलं तर बारीकसा फुस्स आवाज झाला. मुलीनं मायेनं आणलं होतं, तिला काय बोलणार! बाटली मी स्वतःच रिकामी केली आणि खाली जाऊन अख्खं शहाळं घेऊन आले. ज्याच्या अंगात ताकद उरलेली नाही त्याच्या पोटात आपण हे घालतो. आणि ज्यांची मूत्रपिंडं कमकुवत आहेत त्यांना चांगलं शहाळंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

या दिवाळीत कुणा आजाऱ्याच्या भेटीला जाणार असाल तर शहाळं फोडून, बाटलीत भरून नेऊ नका. हिरवं, देठाची टोपी शाबूत असलेलं अख्खं न्या, सोबत स्वच्छ धुतलेली सुरी आणि काचेचा पेला न्या, आणि त्यांच्यासमोर फोडा.