नाव नसलेल्या थडग्यांची गाणी

एम.ए.ला असतानाची गोष्ट. एका आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत आम्ही तिघे समाजशास्त्र विभागाकडून उतरलो होतो. प्रश्न आला, 'हाउंड डॉग' हे गाणे मुळात कोणी गायले? आम्ही क्षणाचाही विचार न करता बझर दाबला आणि सांगितले, एल्व्हिस प्रेस्ली. दहा गुण मिळाले, टाळ्या पडल्या. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तेच गाणे चार वेळा लावले.

उत्तर साफ चुकीचे होते. प्रश्न काढणाऱ्याला ते माहीत नव्हते, गुण देणाऱ्याला नव्हते, टाळ्या वाजवणाऱ्यांना नव्हते. आणि ज्यांनी दोन वर्षे विषमतेच्या समाजशास्त्रावर टिपणे काढली होती, त्या आम्हालाही नव्हते. आज इतक्या वर्षांनी हा लेख लिहितो आहोत तो त्या दहा गुणांची परतफेड म्हणून.

आमच्याकडे तेव्हा एक पेनड्राइव्ह होता. तो हातोहात फिरत आमच्यापर्यंत आला होता आणि त्यात 'ओल्डीज' नावाचा एक फोल्डर होता. एल्व्हिस, बीटल्स, रोलिंग स्टोन्स, जॅनिस जॉप्लिन, क्वीन. इंग्रजी बोलताना जीभ अडखळायची, पण ही गाणी पाठ होती. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा आणि तिथेच त्याने 'हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला होता, हे कळले तेव्हा तर आम्हाला आपल्याच गावचा माणूस सापडल्यासारखे झाले होते.

पण चळवळीतल्या काही ज्येष्ठांना आमचे हे वेड पटत नसे. "हे शहरी बड्या घरच्या पोरांचे चाळे. गोऱ्यांची गाणी ऐकून तुमचे काय भले होणार?" असे ते म्हणत. आम्ही ओशाळून हेडफोन काढून ठेवायचो. आज वाटते, आम्ही ओशाळलो ते चुकीच्या कारणासाठी. ती गाणी गोऱ्यांची आहेत, हेच मुळात आम्ही का मान्य केले?

आता 'हाउंड डॉग'ची खरी हकीकत सांगतो. हे गाणे पहिल्यांदा गायले विली मे थॉर्नटन या कृष्णवर्णीय बाईने. अलाबामात 1926 मध्ये जन्मलेली, धिप्पाड, भारदस्त आवाजाची. रंगभूमीवर ती 'बिग ममा' म्हणून ओळखली गेली. ऑगस्ट 1952 मध्ये लॉस एंजलीसला तिने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. 1953 मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी असलेल्या 'रिदम अँड ब्लूज' यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. मूळ गाण्यात एक बाई आपल्या जिवावर बसून खाणाऱ्या पुरुषाला दाराबाहेर काढते आहे. तिचा राग आणि तिची थट्टा दोन्ही त्यात आहेत. ते गाणे आम्ही पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला वस्तीतल्या कितीतरी बाया आठवल्या.

पुढे लास व्हेगासमधल्या एका गोऱ्या बँडने त्याचे शब्द बदलून टाकले. बाईचा पुरुषावरचा राग गेला आणि खऱ्याखुऱ्या कुत्र्यावरचे गमतीचे गाणे उरले. एल्व्हिसने तेच रूप उचलले आणि 1956 मध्ये ते जगभर गाजले. थॉर्नटनबाई पुढे मुलाखतींत सांगत की आपल्याला या गाण्याचा पाचशे डॉलरचा एकच धनादेश मिळाला, त्यानंतर काही नाही. 1984 मध्ये लॉस एंजलीसमध्ये त्या वारल्या. त्यांना पुरले तेही इतरांसोबत सामायिक थडग्यात. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने एल्व्हिसला 1986 साली, पहिल्याच वर्षी, मान दिला. बिग ममा थॉर्नटन यांचा नंबर लागला 2024 मध्ये. मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

इथे काही मित्र लगेच म्हणतील, म्हणजे एल्व्हिस चोर होता. थांबा. आपल्याला घोषणा नको, विश्लेषण हवे. 'हाउंड डॉग' लिहिले जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू तरुणांनी, आणि तेही थॉर्नटनबाईंसाठीच. एल्व्हिस स्वतः मिसिसिपीतल्या टुपेलो गावी दोन खोल्यांच्या घरात जन्मलेला गरीब घरचा पोर, ट्रक चालवून कमावणारा. 1957 मध्ये कृष्णवर्णीयांच्या 'जेट' मासिकाशी बोलताना त्याने कबूल केले होते की हे संगीत त्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे आणि कृष्णवर्णीय गायकांसारखे ते कोणालाच जमत नाही. 1969 मध्ये लास व्हेगासला कोणीतरी त्याला 'राजा' म्हटले, तेव्हा त्याने फॅट्स डॉमिनो यांच्याकडे बोट दाखवून खरा राजा तो आहे असे सांगितले. या माणसाच्या गळ्यात आणि मनात खोट नव्हती असे मानायला आमची हरकत नाही.

मग अन्याय कोणी केला? अन्याय केला व्यवस्थेने. आणि व्यवस्थेला काम करण्यासाठी दुष्ट माणसांची गरज नसते.

ही व्यवस्था कशी चाले ते पाहा. कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांना अमेरिकेत 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. बिलबोर्ड मासिक त्यांच्या विक्रीची यादीच वेगळी छापत असे. 1949 मध्ये त्या यादीचे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' झाले, पण यादी वेगळीच राहिली. म्हणजे गाण्यांचीही वेगळी वस्ती होती. बहुतेक मोठी रेडिओ केंद्रे त्या वस्तीत पाऊल टाकत नसत. तिथले एखादे गाणे गाजू लागले की गोऱ्या गायकाकडून ते पुन्हा गाऊन घ्यायचे आणि मोठ्या बाजारात विकायचे. लिटल रिचर्ड जॉर्जियातल्या मेकन गावी बसस्थानकावर भांडी घासत असे. त्याचे 'टुटी फ्रुटी' 1955 मध्ये आले. काही आठवड्यांतच पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच गाणे गुळगुळीत करून गायले आणि मुख्य यादीत ते मूळ गाण्यापेक्षा वर गेले.

दुसरी युक्ती कागदावरची. चक बेरी यांचे 'मेबलिन' 1955 मध्ये निघाले. बेरी यांनी पाहिले तर गीतकार म्हणून त्यांच्या नावाशेजारी आणखी दोन नावे होती. त्यातले एक रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड यांचे. फ्रीड यांनी गाण्यातली एक ओळही लिहिली नव्हती. पण ते रेडिओवर गाणे वाजवणार होते, म्हणून मानधनात वाटा. बेरी यांना आपल्या गाण्यावरचे पूर्ण श्रेय परत मिळायला तीन दशके लागली. एल्व्हिसची 1954 मधली पहिली तबकडी 'दॅट्स ऑल राइट' मुळात आर्थर क्रूडप यांची. एल्व्हिस जगप्रसिद्ध झाला. क्रूडप शेतमजुरी करत राहिले आणि हक्काच्या पैशाची वाट पाहतच 1974 मध्ये वारले.

ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती मालकी. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर, हजेरीपटावर, रेशनकार्डावर नाव नाही म्हणून हक्क बुडालेली माणसे आम्ही कामाच्या निमित्ताने रोज पाहतो. गाण्याच्या बाबतीतही हेच घडते, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले.

आता सिस्टर रोझेटा थार्प यांच्याविषयी. आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावच्या. आई धर्मप्रचारक, आणि ही मुलगी लहानपणापासून चर्चमध्ये गिटार वाजवणारी. बाईने इलेक्ट्रिक गिटार वाजवणे हेच ज्या काळात नवल होते, त्या काळात त्या ती अशी वाजवत की पुढच्या पिढीने तीच शैली रॉक अँड रोल म्हणून उचलली. त्यांचे एक गाणे 1945 मध्ये 'रेस' यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते. 1951 मध्ये वॉशिंग्टनच्या एका बेसबॉल मैदानात त्यांनी तिकीट लावून लग्न केले आणि त्यानंतर तिथेच कार्यक्रम केला. हजारो लोक आले.

याच थार्पबाई दक्षिणेत दौऱ्यावर असताना त्यांना हॉटेलात प्रवेश नसे. 'जॉर्डनेअर्स' नावाचे गोऱ्या गायकांचे पथक त्यांच्यासोबत दौरे करत असे. ते आत जाऊन जेवण घेत आणि त्यांच्यासाठी बाहेर आणून देत. जिच्या नावावर तिकिटे खपत, ती गाडीत बसून जेवायची. आणि गंमत पाहा, याच जॉर्डनेअर्सनी पुढे एल्व्हिसला साथ केली. 1956 च्या 'हाउंड डॉग'मध्ये मागून येणारे आवाज त्यांचेच आहेत. आमच्या पेनड्राइव्हमध्ये ते आवाज होते. थार्पबाई नव्हत्या.

1973 मध्ये त्या फिलाडेल्फियात वारल्या. त्यांच्या थडग्यावर पस्तीस वर्षे नावाचा दगडही नव्हता. 2008 मध्ये चाहत्यांनी निधीसाठी कार्यक्रम केला, तेव्हा कुठे दगड बसला.

त्याच शहराजवळ आणखी एक थडगे आहे. बेसी स्मिथ यांचे. 1920 च्या दशकात त्यांना ब्लूजची सम्राज्ञी म्हणत. 1937 मध्ये मिसिसिपीतल्या मोटार अपघातात त्या गेल्या. अंत्ययात्रेला हजारो लोक होते, पण थडग्यावर दगड नव्हता. तेहतीस वर्षे नव्हता. 1970 मध्ये दोन बायकांनी मिळून त्याचा खर्च केला. एक जॅनिस जॉप्लिन, तेव्हाची प्रचंड गाजलेली गोरी रॉक गायिका. जॅनिसने थॉर्नटनबाईंचे 'बॉल अँड चेन' 1967 च्या माँटरे महोत्सवात गाऊन नाव कमावले होते आणि आपण कोणाचे देणे लागतो हे ती जाणून होती. दुसरी जुआनिटा ग्रीन. लहानपणी तिने बेसी स्मिथ यांच्या घरची फरशी पुसली होती. मोठी होऊन ती कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करू लागली. दगड बसला ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरमध्ये जॅनिस स्वतः गेली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी.

आम्हाला या हकीकतीतली जुआनिटा ग्रीन सगळ्यात जवळची वाटते. विद्यापीठांनी, कंपन्यांनी, समीक्षकांनी जे केले नाही ते फरशी पुसणाऱ्या पोरीने केले. स्मृती जपण्याचे काम प्रतिष्ठितांवर सोपवून चालत नाही, असे आम्ही भाषणात म्हणतो. तिने ते करून दाखवले.

एक मित्र नेहमी म्हणतो, "अरे, गाणे म्हणजे गाणे. त्यात वंश कशाला शोधता? ऐका आणि आनंद घ्या." आमचे उत्तर असे, की वंश आम्ही शोधलेला नाही. यादी वेगळी छापणाऱ्यांनी शोधला, हॉटेलचे दार बंद करणाऱ्यांनी शोधला. एप्रिल 1956 मध्ये बर्मिंगहॅमला नॅट किंग कोल गात असताना गोऱ्या हल्लेखोरांनी मंचावर चढून त्यांना खाली पाडले, ते काय गाणे आवडले नाही म्हणून? उलट, वंश पाहिला नाही तर गाणेच कळत नाही. दाराबाहेर काढलेल्या त्या पुरुषाचा कुत्रा कसा झाला, हे वंश आणि बाई दोन्ही पाहिल्याशिवाय कसे समजणार?

दुसरा प्रश्न : मग एल्व्हिस ऐकायचा नाही का? जरूर ऐकायचा. बीटल्सही ऐकायचे. सप्टेंबर 1964 मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, गोऱ्या-काळ्यांना वेगळे बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली होती. प्रश्न ऐकण्याचा नाहीच. प्रश्न आठवताना कोणाचे नाव घेतो, हा आहे.

आणि इथे आम्हाला आमच्या लोकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. त्यांचे राजकारण आपण आपले मानले. मग त्यांचे संगीत 'गोऱ्यांचे चाळे' म्हणून हाकलून कसे दिले? ज्यांनी ते हिसकावले त्यांचीच पाटी आपण वाचली आणि खरी मानली. त्या ज्येष्ठांची चूक आणि आमच्या दहा गुणांची चूक एकच होती.

आपल्याकडे वामनदादा कर्डकांनी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफून ठेवले. कॅसेटवर कोणाचेही नाव छापा, गाणारा कोणीही असो, शेवटच्या कडव्यात कवी हजर. लहानपणी आम्हाला ती नुसती पद्धत वाटे. आता वाटते, ज्यांच्यासाठी कागदावर जागा नसते त्यांनी नाव गाण्यातच कोरावे, यापेक्षा शहाणपणाची गोष्ट नाही. बिग ममांना ती सोय मिळाली नाही.

आम्ही शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना अर्धा तास गाणी ऐकवतो. मध्यंतरी थार्पबाईंची 1964 मधली चित्रफीत दाखवली. मँचेस्टरमधले एक बंद पडलेले रेल्वे स्थानक, पाऊस, समोरच्या फलाटावर बसलेले गोरे श्रोते, आणि जाड कोट घातलेल्या थार्पबाई खांद्यावर इलेक्ट्रिक गिटार अडकवून वाजवताहेत. मुले गप्प झाली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, ही आजी गिटार वाजवते?" मग दुसरा प्रश्न आला, "तिचं नाव काय?"

आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिले. त्याखाली बेसी स्मिथ, विली मे थॉर्नटन, आर्थर क्रूडप. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. एकीने स्पेलिंग विचारले, तेही सांगितले.

पुढच्या शनिवारी त्यांना 'हाउंड डॉग' ऐकवणार आहोत. आधी बिग ममांचे, मग एल्व्हिसचे. याच क्रमाने.