गाडीचे अवयव आणि गाडीचे अलंकार

पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. तेथून जवळच असलेले आळे हे ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. फाट्यावरून पश्चिमेला निघाले की ओतूर, मढ आणि पुढे माळशेज घाट लागतो; पूर्वेला बेल्हे आणि आणे पठाराचा कोरडा मुलूख. दोन्ही महामार्ग डांबरी, रुंद आणि वाहते. परंतु महामार्ग सोडून वस्तीकडे वळले की रस्त्याची जात बदलते. कॅनॉलच्या कडेची पाणंद, मध्येच आडवा येणारा ओढा, आणि पावसाळ्यात चाकाला लाडवासारखी चिकटणारी काळी माती. या भागातील माणसाच्या वाहनाला दिवसाकाठी दोन्ही रस्ते पाहावे लागतात, आणि म्हणूनच येथे जीपचे महत्त्व कधी ओसरले नाही.

जीप हे नाव या तालुक्याला नवे नाही. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतरच्या अनेक पिढ्यांतील जीप गाड्यांनी वडाप म्हणून गावोगावची माणसे वाहिली आणि शेतावरचा मालही ओढला. त्या गाडीला पर्याय नव्हते. पत्रा, ताडपत्री, बाकडी आणि गिअरचे दांडे एवढाच संसार. गाडी घ्यायची की नाही, एवढा एकच निर्णय घरात करावा लागे. आज मात्र गाडी ठरली तरी निर्णय संपत नाही. कोणती श्रेणी, कोणते छत, कोणती चाके, कोणता पडदा, काचेचे छत हवे की नको, अशी प्रश्नांची मालिका सुरू होते, आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला किंमत असते.

आळ्यातील एका भुसार व्यापारी कुटुंबात दिवाळीपूर्वी हाच विषय निघाला. घरात तीन पिढ्या. आजोबांनी अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेली, आजींचे गुडघे दुखरे, वडील दुकान आणि कॅनॉलपलीकडची बारा एकर शेती पाहणारे, आणि नातू चाकणला नोकरीस असलेला अभियंता. नातवाने एका कागदावर चौदा गोष्टी लिहून आणल्या होत्या. वडिलांच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रात्री वस्तीवरच्या सालगड्याच्या मुलाला सापाने दंश केला. घरची लहान मोटार ओढ्याच्या चढावर चिखलात फिरत राहिली. अखेर ट्रॅक्टर आणून मुलाला महामार्गापर्यंत पोहोचविले आणि तेथून नारायणगावी नेले. मूल वाचले, पण मधली पाऊण तासाची घालमेल वडिलांच्या अंगात राहिली होती. त्या रात्रीनंतर त्यांना गाडी हवी होती ती त्या ओढ्यासाठी.

नातवाच्या यादीची छाननी वडिलांनी दुकानातल्या पद्धतीने केली. त्यांनी कागदाचे दोन भाग पाडले. जे कारखान्यातच बसवावे लागते आणि नंतर बसविता येत नाही, ते डावीकडे. जे नंतरही केव्हाही घेता येते, ते उजवीकडे. या एका रेषेने निम्मा वाद मिटला. फोर बाय फोरची यंत्रणा, लो रेंजचा गिअर, डिफरन्शियल लॉक, एअरबॅग, गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, दारांची संख्या आणि छताचा प्रकार हे गाडीचे अवयव होत. मोठी अलॉय चाके, संगीताचा संच, आसनांची आवरणे, जादा दिवे, पायाखालचे गालिचे हे अलंकार होत. अवयव मागाहून जोडता येत नाहीत. अलंकार मात्र हातात पैसा आला की केव्हाही घडविता येतात.

या विभागणीला कायद्याचाही आधार आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या बाजूला बसविल्या जाणाऱ्या लोखंडी बुलबारविरुद्ध कारवाई करण्याचे राज्यांना कळविले होते. असा बार एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो आणि पादचाऱ्याला अधिक इजा करतो. तेव्हा यंत्रणेत किंवा सांगाड्यात बदल करायचा असेल, तर तो कारखान्यातूनच आलेला बरा. बाहेरून बसविलेल्या वस्तूंची विमा कंपनीला स्वतंत्र माहिती देऊन वेगळा हप्ता भरावा लागतो; तो भरला नाही तर नुकसानीच्या वेळी त्या वस्तू हिशेबात धरल्या जात नाहीत.

डावीकडच्या रकान्यात पहिली नोंद फोर बाय फोरची होती. येथे वडिलांनी आकडेमोड मांडली. समजा, या यंत्रणेमुळे गाडीची किंमत दोन लाख रुपयांनी वाढते. दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीवर महाराष्ट्रात व्यक्तिगत नोंदणीसाठी एकरकमी १४ टक्के वाहन कर लागतो. म्हणजे आणखी २८ हजार. हे दोन लाख अठ्ठावीस हजार ९ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जात घातले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,६७० रुपयांनी वाढतो आणि एकूण परतफेड तीन लाख आठ हजारांच्या घरात जाते. वर्षातून पंधरा दिवस ती यंत्रणा खरोखर लागली आणि गाडी दहा वर्षे ठेवली, तर प्रत्येक वापराला सुमारे २,०५० रुपये पडतात. निव्वळ हिशेबाने पाहता, अडकलेली गाडी ओढायला शेजारचा ट्रॅक्टर बोलाविणे स्वस्त. परंतु त्या रात्रीच्या पाऊण तासाला कोणता दर लावायचा, हे कोणत्याही खतावणीत लिहिलेले नसते.

कराचा आणखी एक पदर या निर्णयाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. तीन दारांच्या थारची फक्त मागची चाके ओढणारी दीड लिटर डिझेल आवृत्ती पहिल्या गटात बसते. फोर बाय फोर आवृत्तीचे इंजिन मोठे असल्याने ती दुसऱ्या गटात जाते. जिम्नी चार मीटरच्या आत असली तरी तिचे पेट्रोल इंजिन १२०० सीसीहून मोठे आहे, म्हणून तीही दुसऱ्या गटात. ज्याचे घर, दुकान आणि शेत तिन्ही डांबरी रस्त्यालगत आहेत, त्याने फोर बाय फोर सोडले तर यंत्राच्या किमतीबरोबर कराचाही मोठा भाग वाचतो. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

वाहन कराच्या टप्प्यांकडेही लक्ष ठेवावे. डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के, त्यापुढे १४ टक्के आणि वीस लाखांपुढे १५ टक्के असा दर आहे, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. नऊ लाख पंचाण्णव हजारांच्या गाडीवर १,२९,३५० रुपये कर होतो. दहा हजारांची एखादी हौस वाढवून ती दहा लाख पाच हजारांची झाली, की कर १,४०,७०० रुपये होतो. दहा हजारांच्या वस्तूसाठी ११,३५० रुपये जादा कर भरावा लागला, हे पावती हातात पडल्यावर कळून उपयोग नसतो.

दुसरी नोंद डिफरन्शियल लॉकची. ट्रॅक्टर चालविणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हा प्रकार ठाऊक आहे. एक चाक चिखलात नुसते गरगरते आणि दुसरे कोरड्यावर असूनही ढिम्म राहते, तेव्हा पायाखालचा लॉक दाबला की दोन्ही चाके एकदम फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. जीपमध्येही तत्त्व हेच. थारमध्ये मागच्या आसाचा असा यांत्रिक लॉक श्रेणीनुसार कधी अंगभूत, तर कधी ऐच्छिक म्हणून मिळत आला आहे. तो चाकांच्या वेगातला फरक ओळखून आपोआप लागतो. फोर्स गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना चालकाने लावायचे लॉक कारखान्यातूनच येतात. जिम्नीत असा लॉक नाही. तेथे फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर वळविला जातो, आणि सुमारे १२०० किलो इतके कमी वजन तिच्या मदतीला येते. ज्याच्या वाटेत ओढ्याचा तिरका चढ आहे, त्याने फोर बाय फोर घेऊन लॉक सोडणे म्हणजे विहीर खणून दोर न घेण्यासारखे आहे.

तिसरी नोंद चाकांची, आणि येथे नातवाला माघार घ्यावी लागली. २०२० साली आलेल्या थारच्या खालच्या श्रेणीला १६ इंची पोलादी चाकांवर २४५/७५ मापाचे, तर वरच्या श्रेणीला १८ इंची अलॉय चाकांवर २५५/६५ मापाचे टायर होते. गणित केले तर पहिल्या टायरची उभी भिंत सुमारे १८४ मिलिमीटर आणि दुसऱ्याची १६६ मिलिमीटर भरते. दगडावर आदळताना हीच जादा भिंत धक्का सोसते, आणि वाकलेले पोलादी चाक गावातही ठोकून सरळ होते. मोठे चाक दिसायला देखणे. पाणंदीला लहान चाक सोयीचे. काळ्या मातीत तर टायरच्या नक्षीला यंत्रणेइतकेच महत्त्व आहे. बारीक नक्षीच्या खाचा दहा पावलांत भरून जातात आणि चारही चाके गुळगुळीत होतात; रुंद खाचांचा टायर फिरता फिरता माती फेकून देतो.

छताबाबत घरात दोन मते नव्हती. उघडे होणारे कापडी छत समुद्रकिनारी शोभते. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, असा हा प्रदेश. रात्री वस्तीवरून परतणाऱ्या कुटुंबाला डोक्यावर पक्के छत असलेलेच बरे वाटते.

पाण्यातून जाण्याच्या क्षमतेचा आकडा नातवाने मोठ्या अक्षरांत लिहिला होता. थारसाठी ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७०० मिलिमीटर असे आकडे कंपन्या देतात. आजोबांनी तो वाचून एवढेच म्हटले, “बाळा, हा आकडा थांबलेल्या पाण्याचा. वाहत्या ओढ्याने बैलगाडी नेलेली मी पाहिली आहे.” त्या आकड्याखाली वडिलांनी लाल रेघ ओढली. ओढा वाहता असेल तर थांबायचे, गाडी कोणतीही असो, हा घरचा नियम त्याच दिवशी ठरला.

यादी जवळजवळ पक्की झाली असताना आजींनी विचारले, “अरे, गाडी ओढ्यातून जाईल, पण मी गाडीत जाईन का?” चौदा कलमांत हा प्रश्न कोठेच नव्हता. तीन दारांच्या गाडीत मागे बसण्यासाठी पुढचे आसन दुमडून आत शिरावे लागते, आणि जमिनीपासूनची उंचीही मोठी. दुसऱ्या दिवशी सगळे दालनात गेले. आजींनी एकदा प्रयत्न केला, अर्ध्यावर थांबल्या आणि हसून बाजूला झाल्या. ती गाडी त्या क्षणी यादीतून गेली. पाच दारांची गाडी घ्यायची, आणि दाराखाली पायदान लावायचे, असे ठरले. पायदान दगडावर घासते, म्हणून शौकीन लोक ते काढून टाकतात. पण ज्या घरात दुखरे गुडघे आहेत, तेथे त्याच्याइतकी उपयोगाची दुसरी वस्तू नाही.

अखेरची अडचण बाजाराची होती. आपल्याकडे बहुतेक पर्याय सुटे मिळत नाहीत. ते श्रेणींच्या गाठोड्यात बांधलेले असतात. हवी असलेली एक वस्तू घ्यायला नको असलेल्या चार घ्याव्या लागतात. अशा वेळी डावीकडचा रकाना पूर्ण करणारी सर्वांत खालची श्रेणी निवडावी आणि तेथेच थांबावे. आळ्याच्या त्या कुटुंबाने तेच केले. फोर बाय फोर, लॉक आणि पाच दारे असलेली खालची श्रेणी त्यांनी घेतली. वरच्या श्रेणीला लागणाऱ्या पैशांतून रुंद खाचांचे टायर, एक मजबूत ओढदोर, हवा भरण्याचा छोटा पंप आणि पायदान आले, आणि तरीही कर्जाची मुदत सातऐवजी पाच वर्षांवर आणता आली. आसनांचे आवरण प्राण्याच्या चामड्याचे नाही, याची खात्री आजोबांनी स्वतः करून घेतली.

घेतलेली वस्तू वापरात ठेवणे, हा खरेदीचाच उरलेला भाग आहे. फोर बाय फोरची यंत्रणा महिनोन्महिने बंद राहिली तर तिचे सांधे आखडतात. आणि कोरड्या डांबरावर ती लावून वळणे घेतली तर पुढच्या-मागच्या आसांत ताण येऊन यंत्रणेचे नुकसान होते. म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ती थोडा वेळ चालवावी लागते. हे काम नातवाकडे आले आहे. सुट्टीच्या दिवशी तो चाकणहून येतो, कॅनॉलच्या पाणंदीवर दांडा ओढतो आणि वस्तीपर्यंत जाऊन परत येतो. सालगड्याचा मुलगा बहुधा पुढच्या आसनावर बसलेला असतो.