अजिंठ्याच्या वाटेवर

मे महिन्यात आम्ही छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला निघालो. सोबत सत्तरीची आई. गाडी धावताना एसी गार. सिल्लोडच्या गर्दीत थांबली की गरम वारा! आईला घेरी आली. तिला निंबाखाली बसवून पाणी पाजले. मिस्त्रीने बॉनेट उघडले. कंडेन्सरचा पंखा बंद होता, वायर सुटलेली. "धावताना वारा लागतो, उभ्या गाडीत पंखाच लागतो," तो म्हणाला. वायर जोडली, जाळीतली धूळ धुतली. गारवा आला. "गॅस कमी वाटला तर आधी गळती शोधा, मगच भरा."

पहिल्या लेणीतला पद्मपाणी आईने डोळे भरून पाहिला. बंधू-भगिनींनो, म्हाताऱ्या माणसांना नेण्याआधी उभ्या गाडीत एसी तपासा.