आधीं धरावें, मग सोडावें

शाळेंतून निवृत्त झालेल्या मनुष्यानें नवें कांहीं शिकूं नये असा नियम नाहीं. तथापि पुतणीच्या हाताखालीं विद्यार्थी होण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. गेल्या श्रावणांत एके रात्रीं ती संगणकापुढें अगदीं रडकुंडीस आलेली दिसली. पडद्यावर ‘३०, ३०, ३०’ हा एकच आंकडा जपमाळेप्रमाणें अखंड धांवत होता.

“काका, माझी यादी संपतच नाहीं हो!” ती म्हणाली.

आम्ही शेजारीं खुर्ची ओढून बसलों आणि म्हणालों, “तूं आम्हांला शिकव. शिकवितांना चूक आपोआप सांपडते.” पस्तीस वर्षांच्या मास्तरकीचें एवढेंच भांडवल आमच्यापाशीं होतें.

ती शिकत होती त्या भाषेचें नांव ‘सी’. १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ती सिद्ध केली. ‘लिंक्ड लिस्ट’ म्हणजे सांखळीवजा यादी, ही कल्पना मात्र तिच्याहूनहि जुनी. न्यूएल, शॉ व सायमन या त्रयीनें ती १९५५-५६ च्या सुमारास योजिली.

पुतणीनें आरंभ बरा केला. ती म्हणाली, “ॲरे म्हणजे चाळींतल्या खोल्या. मध्यें नवें बिऱ्हाड घालायचें, तर पुढच्या सगळ्यांनीं एकेक खोली सरकायला हवें. लिंक्ड लिस्टमध्यें बिऱ्हाडें गांवभर कुठेंहि असूं देत. प्रत्येकानें फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता जवळ ठेवायचा.” हा पत्ता म्हणजे ‘पॉइंटर’. आंकडा आणि पत्ता एकत्र बांधणारें गांठोडें तें ‘स्ट्रक्ट’. नव्या गांठोड्यास जागा ‘मॅलॉक’कडे मागावयाची, जागा असल्यास तो तिचा पत्ता देतो. शेवटच्या गांठोड्यांत पत्त्याच्या ठिकाणीं ‘नल’ लिहावयाचें, म्हणजे यापुढें कोणी नाहीं.

आम्हीं शंका काढली, “पुढचें गांठोडेंच आधल्याच्या पोटांत कां घालूं नये?”

“मग त्याच्या पोटांत आणखी एक, त्याच्या पोटांत आणखी एक... आकार ठरणार कसा?”

आम्हांस परमानंद झाला. हा तर न्यायशास्त्रांतला अनवस्था-दोष! गांठोड्यांत गांठोडें मावत नाहीं. पत्त्याची चिठ्ठी मात्र मावते, कारण चिठ्ठीचा आकार ठरलेला असतो.

आतां मूळ चूक. यादी होती १०, २०, ४०. विसाच्या पुढें तीस घालावयाचे होते. तिनें प्रथम विसाच्या चिठ्ठीवर तिसाचा पत्ता लिहिला. नंतर ‘विसाच्या पुढें जो असेल, त्याचा पत्ता तिसानें घ्यावा’ अशी आज्ञा केली. पण विसाच्या पुढें आतां स्वतः तीसच होते! तिसाच्या चिठ्ठीवर तिसाचाच पत्ता चढला आणि तें आपल्याच भोंवतीं फिरूं लागलें. दोन ओळींची अदलाबदल करतांच यादी सरळ झाली. आधीं तिसानें चाळिसाचा पत्ता घ्यावा. मग विसानें तिसाचा घ्यावा.

“पण मघांशीं त्या चाळिसाचें काय झालें होतें?” आम्हीं विचारलें.

“कांहीं नाहीं. तें होतें तिथेंच होतें, धडधाकट. फक्त त्याच्यापर्यंत जायला वाट उरली नव्हती. आणि सी याची कांहींच सूचना देत नाहीं.”

हें ऐकून आम्ही निःशब्द झालों.

१९९१ सालीं आमचे वडील वारले व आम्हीं जुना वाडा सोडून पुण्यास बिऱ्हाड केलें. वडिलांची पत्त्यांची एक जीर्ण वही होती. आमच्या आत्याबाईंचा इंदूरचा पत्ता तेवढा तींत होता. त्यांच्या मुलांचे व लेकींच्या सासरचे पत्ते त्यांच्यापाशीं. आम्हीं हौसेनें नवी वही आणली, पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत स्वतःचें नांव व नवा पत्ता घातला. आणि उरलेलें उद्यां उतरवूं म्हणतां म्हणतां सामानाच्या आवराआवरींत जुनी वही रद्दींत गेली. आत्याबाईंची पत्रें आलींच असतील, तर तीं त्या परक्या झालेल्या वाड्यावर. आमच्यापाशीं उरला तो केवळ आमचाच पत्ता. त्या रात्रींच्या तिसाहून आम्ही निराळे तें काय?

इतकीं वर्षें आम्ही ‘संबंध तुटले’ असें म्हणत आलों, आणि तुटले म्हटलें कीं दोष कोणाकडेच येत नाहीं. खरें पाहतां कांहींच तुटलें नव्हतें. आम्हीं दोन कामें उलट्या क्रमानें केलीं, एवढेंच.

पुतणीला आम्हीं हें सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “काका, संगणकांत हरवलेलें गांठोडें आपल्याला हांक मारूं शकत नाहीं. माणसें मारूं शकतात.”

म्हणून हा लेखनप्रपंच. आमच्या आत्याबाई माहेरीं ‘माई’ या नांवानें ओळखल्या जात. वाचकांत त्यांच्या मुलांनातवंडांपैकीं कोणी असल्यास व त्यांस रद्दींत गेलेल्या वहीची ही कथा ओळखीची वाटल्यास, त्यांनीं संपादकांच्या पत्त्यावर दोन ओळी धाडाव्या. या वेळीं आम्ही आधीं पत्ता उतरवून घेऊं.